केळणेचा काठ : भोगवर्धन ते असई

केळणा नदी अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिण उतारावरचे पाणी घेऊन भोकरदन तालुक्यातून पूर्वेकडे जाते, वाटेत जुईला पोटात घेते आणि जाफराबादला पूर्णेत मिळते. नदी म्हणून तिचा बडेजाव काही नाही. पावसाळ्यात चार दिवस दोन्ही थड्या भरून वाहावे, उन्हाळ्यात वाळू आणि डोह मागे ठेवून आटावे, असा मराठवाड्यातल्या बहुतेक नद्यांचा रिवाज तीही पाळते. जालन्याच्या उत्तरेला साठेक किलोमीटरवर तिच्या काठी भोकरदन आहे आणि तिथून खाली दहा-बारा किलोमीटरवर, केळणा आणि जुई यांच्या बेचक्यात, असई. काळी जमीन, पाण्याने खोल कापलेल्या थड्या, बांधावरच्या बाभळी आणि जागोजाग नदी ओलांडणारे उतार, एवढाच हा मुलूख.

अरबी समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटर दूर आहे. तरीही या काठाच्या इतिहासात समुद्र दोनदा आला. पहिल्यांदा इथल्या बाजारपेठेचा संबंध समुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकाशी जुळला, दुसऱ्यांदा समुद्रापलीकडची माणसे बंदुका घेऊन इथे उतरली. दोन्हींमध्ये सतराशे वर्षांचे अंतर आहे, पण वाट एकच. गोदावरीकाठच्या पैठणहून निघून अजिंठ्याच्या घाटाने खानदेशात उतरायचे आणि तिथून तापी-नर्मदा ओलांडून उत्तरेला जायचे, हा दक्षिणापथाचा फाटा याच भागातून जातो. घाट उतरण्यापूर्वी किंवा चढून आल्यावर जनावरांना पाणी-वैरण आणि माणसांना बाजार लागतो. भोकरदनचे नशीब त्या गरजेतून घडले.

या वाटेचा जुना दाखला पाली वाङ्मयात सापडतो. सुत्तनिपातातल्या पारायणवग्गात गोदावरीकाठी राहणाऱ्या बावरी नावाच्या ब्राह्मणाचे सोळा शिष्य बुद्धाच्या भेटीला निघतात. त्यांचे मुक्काम ओळीने दिले आहेत: प्रतिष्ठान, माहिष्मती, उज्जयिनी, पुढे विदिशा. पैठण आणि माहिष्मती यांच्यामधल्या टप्प्यांची नावे तिथे नाहीत. पण नकाशावर रेघ ओढली की भोकरदनचा परिसर आपोआप वाटेत येतो.

भोकरदनचे जुने नाव भोगवर्धन. मार्कण्डेय पुराणात दक्षिणेकडच्या लोकांची यादी आहे, त्यात अश्मक, विदर्भ, कुंतल यांच्या पंगतीला भोगवर्धन हे नाव बसलेले दिसते. पुराणातल्या याद्यांवर किती विसंबायचे हा प्रश्न नेहमीच असतो. भोगवर्धनाच्या बाबतीत दगडावरचा पुरावा त्याहून बोलका आहे. मध्य भारतातल्या सांची आणि भरहुत येथील स्तूपांच्या बांधकामाला ज्यांनी दाने दिली, त्यांची नावे आणि गावे तिथल्या शिळांवर कोरलेली आहेत. त्यांत भोगवर्धनाचे दाते आहेत, आणि सांचीला तर एकाहून अधिक. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या एक-दोन शतकांत केळणेच्या काठचा माणूस शेकडो किलोमीटर दूरच्या स्तूपासाठी खर्च करत होता आणि स्वतःच्या गावाचे नाव तिथे कोरून घेत होता. हातात पैसा आणि पायाखाली वाट असल्याखेरीज हे घडत नाही.

१९७३ मध्ये इथे उत्खनन झाले. नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी ते मिळून केले आणि शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांनी लिहिलेला त्याचा अहवाल पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. पांढरीच्या थरांतून सातवाहन काळातले भरभराटीचे शहर वर आले. मणी, नाणी, भाजलेल्या मातीच्या मूर्ती, हस्तिदंताच्या वस्तू असा ऐवज निघाला. मण्यांचा धंदा या भागाला साजेसाच होता. दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या पोकळ्यांत अकीक आणि त्याचे भाऊबंद दगड तयार होतात, नद्या ते वाहून आणतात, म्हणजे कच्चा माल पात्रातच पडलेला. हस्तिदंताची गोष्ट वेगळी. तो दुरून आणावा लागे, महाग पडे आणि त्यावर काम करणारा हातही तयार असावा लागे. म्हणून त्या उत्खननातली एक लहानशी हस्तिदंती मूर्ती बाकी सगळ्या मालापेक्षा जास्त चर्चेत आली.

मूर्ती अभंग नाही. वरचा भाग नाहीसा झाला आहे. उरलेल्या भागात मधल्या स्त्रीचे पाय आणि तिच्या दोन्ही अंगांना उभ्या असलेल्या छोट्या सेविका दिसतात. ही मांडणी अभ्यासकांनी आधी पाहिली होती, आणि तीही भारतात नव्हे. १९३८ मध्ये इटलीतल्या पोंपेई शहराच्या अवशेषांत अमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाला एका घरात भारतीय बनावटीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली होती. उंची जेमतेम वीतभर. अंगावर वस्त्र नाही, पण कमरपट्टा, पायांतले भरगच्च वाळे, हातभर बांगड्या आणि पाठीवरची वेणी बारकाईने कोरलेली. दोन्ही बाजूंना शृंगाराचे साहित्य धरलेल्या सेविका. मायुरीने तिला लक्ष्मी म्हटले आणि ते नाव रूढ झाले, जरी आज बहुतेक जाणकार तिला यक्षी मानतात. डोक्यापासून खाली भोक पाडलेले असल्याने ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या चौरंगाचा पाय, असा तर्क आहे. आता ती नेपल्सच्या वस्तुसंग्रहालयात आहे.

पोंपेईच्या मूर्तीचे मोल तिच्या तारखेत आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली ते शहर गाडले गेले. म्हणजे मूर्ती त्याआधी घडली, विकली गेली आणि समुद्र ओलांडून त्या घरात पोचली. भारतीय कलेतल्या फार थोड्या वस्तूंना अशी पक्की मर्यादा मिळते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर येथे, म्हणजे प्राचीन तगर येथे, याच घराण्यातली आणखी एक हस्तिदंती मूर्ती मिळाली आहे. ती रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या संग्रहातली. तेर, भोकरदन आणि पोंपेई अशी ही तीन ठिकाणे झाली. पोंपेईची मूर्ती भोकरदन परिसरातच घडली असावी, असे मत म. के. ढवळीकर यांनी मांडले. ते सर्वांनी मान्य केलेले नाही. पोंपेईच्या मूर्तीवर खरोष्ठीतले एक अक्षर आहे आणि खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी. अफगाणिस्तानातल्या बेग्राम येथील हस्तिदंती कामाशीही तिचे साम्य दाखवले जाते. शिवाय सांचीच्या दक्षिण तोरणावरच्या एका लेखात विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी ते कोरीवकाम केल्याचे नमूद आहे. भोगवर्धनाचे दाते ज्या स्तूपाला दान देत होते, त्याच स्तूपावर विदिशेचे दंतकार छिन्नी चालवत होते. तेव्हा मूर्ती भोकरदनची की विदिशेची हा वाद घालताना एक ध्यानात ठेवायला हवे. ही दोन्ही गावे एकाच वाटेवरची होती आणि कारागीर, गिऱ्हाईक व नमुने या वाटेवरून सतत ये-जा करत होते. मूर्ती कुणाच्याही हातची असो, भोकरदनच्या बाजारात तशी मूर्ती होती, एवढे जमिनीनेच सांगितले आहे.

हा माल समुद्रापर्यंत कसा जाई, हे पहिल्या शतकातल्या एका खलाशी-व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. इजिप्तमध्ये राहणाऱ्या या ग्रीकभाषक माणसाचे नाव हरवले, ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हे पुस्तक राहिले. त्यात तो सांगतो, बॅरिगाझाहून म्हणजे भरूचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर. या दोन्ही ठिकाणांहून रस्ता नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून गाड्या भरूचला येतात. पैठणहून अकीकासारखे दगड, तगरहून साधे कापड आणि मलमल. भरूचहून जहाजांत चढणाऱ्या मालाच्या यादीत हस्तिदंत, अकीक आणि सुती कापड ही तिन्ही नावे आहेत. भोगवर्धनाचा उल्लेख तो करत नाही. बंदरावर बसून चौकशी करणाऱ्याला वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाचे नाव कळण्याचे कारणही नव्हते. मात्र त्याने मोजलेले वीस दिवस केवळ अंतराचे नव्हेत. नद्यांचे उतार, घाटाची चढण आणि बैलांचा दम या तिन्हींचा हिशेब त्यांत आहे. मौसमी वारे धरून जहाज नैर्ऋत्येकडून यायचे आणि ईशान्येच्या वाऱ्याने परतायचे, म्हणजे मालाने ठरल्या वेळी बंदरात असायलाच हवे. केळणेचा पूर ओसरला की गाड्या जुंपायच्या, हे गणित त्यामुळे बंदराच्या पंचांगाशी बांधलेले असणार.

तिसऱ्या शतकात सातवाहनांची सत्ता सरली, रोमशी चालणारा व्यापार आटला आणि भोगवर्धनाचे वैभव ओसरले. गाव मात्र उठले नाही. नदीकाठच्या खडकात कोरलेले वैष्णव लेणे राष्ट्रकूट काळातले मानले जाते. अजिंठा आणि वेरूळ हाकेच्या अंतरावर असल्याने त्याकडे पाहायला कुणी मुद्दाम येत नाही, हे त्या लेण्याचे दुर्दैव. पुढच्या शतकांत देवगिरीचे यादव, बहमनी, निजामशाही आणि मोगल अशा राजवटी बदलल्या. वाटेचा भार हळूहळू दक्षिणेकडच्या जालना पेठेने उचलला. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने जालना लुटले ते तिथे लुटण्याजोगे होते म्हणूनच. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण उगीच पडलेली नाही. लमाणांचे तांडे मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून याच मुलखातून फिरत. तोफा ओढणाऱ्या फौजांनाही पुढे त्याच उतारांवर यावे लागले.

ती वेळ १८०३ मध्ये आली. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव कोकणात उतरला, इंग्रजांच्या जहाजातून वसईला पोचला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने तैनाती फौजेचा तह केला. मराठी राज्याची किल्ली समुद्रकाठी हवाली झाली. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघुजी भोसले यांना हा तह मानवणारा नव्हता. होळकर बाजूला राहिले. ऑगस्ट १८०३ मध्ये युद्ध जाहीर झाले. आर्थर वेलस्ली या चौतीस वर्षांच्या सेनापतीने १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला घेतला आणि टोपलीसारख्या होड्यांतून फौज गोदावरीपार केली. त्याच सुमारास शिंदे-भोसल्यांचे घोडदळ अजिंठ्याचा घाट चढून दक्षिणेत उतरले. २ सप्टेंबरला वेलस्लीच्याच बाजूच्या कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला. पुढचे तीन आठवडे दोन्ही बाजू आजच्या जालना जिल्ह्यात एकमेकींना चकवत फिरत होत्या. त्या साली दख्खनवर दुष्काळाची छाया होती. धान्य आणि वैरण मिळवण्याची झुंज तोफांच्या झुंजीच्या आधीच सुरू झाली होती. वेलस्लीची फौज लमाणांनी पुरवलेल्या धान्यावर चालत होती, ही गोष्ट त्याच्या पत्रव्यवहारात पुन्हा पुन्हा येते.

२१ सप्टेंबरला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन बदनापूरला भेटले. मराठी फौज भोकरदनच्या आसपास आहे असे कळले होते. दोन वेगवेगळ्या वाटांनी जाऊन २४ तारखेला मिळून हल्ला करायचा, असा बेत ठरला. २३ तारखेला वेलस्ली नळणीच्या मुक्कामावर पोचला तेव्हा हरकाऱ्यांनी आणलेली बातमी वेगळी होती. शत्रूची छावणी पुढे कुठे तरी नसून जवळच, केळणेच्या उत्तर काठावर आहे आणि घोडदळ हलू लागले आहे. स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने सामानसुमान नळणीला ठेवले आणि तो पुढे निघाला.

टेकाडावरून त्याला जे दिसले त्याने कुणाचीही छाती दडपली असती. केळणेच्या पलीकडे भोकरदनपासून असईपर्यंत दोन-तीन कोसांची छावणी पसरलेली. पश्चिमेला, भोकरदनच्या अंगाला, शिंदे-भोसल्यांचे हजारो घोडेस्वार, पूर्वेला असईच्या अंगाला कवायती पायदळ आणि शंभराच्या आसपास तोफा. हे पायदळ म्हणजे महादजी शिंद्यांनी द बॉइन या सॅव्हॉयच्या सरदाराकडून घडवून घेतलेल्या कंपूंचा वारसा. त्या वेळी त्यांचा मुख्य अधिकारी हॅनोव्हरचा अँथनी पोलमन होता आणि मदतीला बेगम समरूच्या पलटणी होत्या. एकूण कवायती पायदळ दहा-अकरा हजार. वेलस्लीकडे मैदानात उतरवण्याजोगे पायदळ साडेचार हजारांच्या घरात, तोफा वीस-बावीस, शिवाय इंग्रजी आणि मद्रासी घोडदळ, म्हैसूरचे स्वार आणि पेशव्यांच्या बाजूचे मराठे स्वार. या लढाईत मराठे दोन्हीकडे होते, याचा विसर पाठ्यपुस्तकांना सहसा पडतो.

केळणेच्या थड्या उंच आणि तुटक्या. समोरून पार होणे म्हणजे तोफांच्या तोंडी जाणे. वाटाड्यांनी सांगितले, जवळपास दुसरा उतार नाही. वेलस्लीला मात्र पूर्वेकडे नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली, पिंपळगाव आणि वरूड. समोरासमोरच्या गावांत येण्याजाण्याची वाट असणारच, असा त्याने तर्क केला आणि फौज तिकडे वळवली. उतार सापडला. असईच्या विजयाचे श्रेय इंग्रजी पुस्तके या तर्काला देतात आणि ते चुकीचेही नाही. पण ज्याला शेजारच्या गावी सोयरीक आहे त्या कुठल्याही कुणब्याला हा तर्क शिकवावा लागला नसता. मराठी छावणीने त्या उतारावर चौकी ठेवली नाही, हे अधिक नवलाचे. इंग्रजी नकाशांनी पुढे या नदीचे नावही बिघडवले. कुणा नकलाकाराने रोमन ‘l’चा ‘t’ वाचला असावा आणि केळणेची ‘कैटना’ झाली. तीच अजून कित्येक पुस्तकांत वाहते आहे.

उतार ओलांडल्यावर वेलस्लीची फौज केळणा आणि जुई यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात, पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिली. पोलमन गाफील सापडेल ही अपेक्षा होती. पण त्याच्या पलटणींनी सगळी फळी काटकोनात फिरवली आणि डावी बाजू जुईकाठच्या असई गावाला टेकवून, उजवी केळणेकडे ठेवून ती तोफांसह उभी केली. गोळाबार चालू असताना अशी हालचाल करणे हे उत्तम कवायतीचे लक्षण, आणि वेलस्लीला त्याची कल्पना नव्हती. तोफांचा मारा इतका नेमका होता की इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल जागीच पडले आणि तोफा मागे टाकून पायदळाला संगिनी परजत चालून जावे लागले. डावीकडे केळणेच्या अंगाने ७८वी हायलंडर पलटण, मधे मद्रासच्या देशी पलटणी, उजवीकडे ७४वी हायलंडर.

उजवीकडे घात झाला. पुढच्या टेहळणी तुकडीला असईपासून दूर राहायचे होते. ती गावाच्या दिशेने भरकटली आणि ७४वी तिच्या मागे गेली. गावातून तोफा आणि बंदुका धडाडल्या, पाठोपाठ घोडदळ कोसळले. त्या पलटणीचे बहुतेक सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. कर्नल मॅक्सवेलच्या १९व्या ड्रॅगून घोडदळाने आणि मद्रासी स्वारांनी धाव घेतली म्हणून उरलेले वाचले. मॅक्सवेल पुढे त्याच दिवशी पडला. डावीकडे हायलंडर आणि मद्रासी शिपाई तोफांपर्यंत पोचले. गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत, तोफांपाशीच कापले गेले. काही जण मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रजी फळी पुढे सरकताच उठून त्यांनी त्याच तोफा तिच्या पाठीवर डागल्या. वेलस्लीला स्वतः मागे फिरून त्या पुन्हा घ्याव्या लागल्या. दिवसभरात त्याच्या अंगाखालचे दोन घोडे गेले. शिंदे-भोसल्यांच्या प्रचंड घोडदळाने मात्र लढाईत निर्णायक असे काही केले नाही. संध्याकाळपर्यंत पायदळाची फळी मोडली आणि जुईपार निघून गेली.

इंग्रजी फौजेतले ४२८ ठार, ११३८ जखमी आणि १८ बेपत्ता झाले, म्हणजे लढलेल्यांतला मोठा हिस्सा. मराठ्यांचे सुमारे बाराशे मृतदेह मैदानात पडल्याचे वेलस्लीने कळवले. ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. स्टीव्हन्सन दुसऱ्या दिवशी पोचला. जखमींसाठी अजिंठा गावात इस्पितळ मांडले गेले. तिथून अजिंठ्याची लेणी दोन-तीन कोसांवर, पण इंग्रजांच्या डोळ्यांसमोर ती यायला १८१९ साल उजाडले. मद्रासच्या घोडदळातला जॉन स्मिथ शिकारीला गेला तेव्हा.

या लढाईत पडलेल्यांपैकी एक गट या काठाला अगदीच परका होता. ७८वी पलटण १७९३ मध्ये लॉर्ड सीफोर्थ याने स्कॉटलंडच्या रॉस परगण्यातून आणि लुइस बेटावरून उभारली. लुइसच्या पश्चिम किनाऱ्यावर अटलांटिक महासागर आदळतो. झाड जवळजवळ नाही, जमीन दलदलीची, वारा बारमाही. गेलिक बोलणाऱ्या तिथल्या तरुणांना शेतीचा आधार तुटपुंजा, मासेमारी बेभरवशाची आणि जमीनदाराचा शब्द मोडता न येणारा. म्हणून ते पलटणीत आले. १७९५ मध्ये या पलटणीची माणसे आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरच्या केपच्या मोहिमेत होती, १७९७ मध्ये ती कलकत्त्याला उतरली आणि सहा वर्षांनी केळणेच्या काळ्या मातीत उभी राहिली. ७४वी पलटण तर १७८७ मध्ये हिंदुस्थानात पाठवण्यासाठीच उभारली होती. पोंपेईला गेलेल्या मूर्तीने जी समुद्रवाट घेतली तिच्याहून ही वाट कितीतरी लांब. मूर्तीला मात्र परत यायचे नव्हते; या माणसांना परत जायचे होते.

लढाईनंतर युद्ध वऱ्हाडात सरकले. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ डिसेंबरला भोसल्यांशी देवगावचा तह झाला आणि ३० डिसेंबर १८०३ रोजी शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा. या दुसऱ्या तहाने शिंद्यांचा अजिंठा डोंगर आणि गोदावरी यांच्यामधला सगळा मुलूख, जालन्याच्या किल्ल्यासह, गेला आणि पुढे निजामाच्या वाट्याला आला. केळणेच्या काठावर लढलेल्या दोन्ही बाजूंपैकी कुणाकडेच तो काठ राहिला नाही. इंग्रजांनी जालन्याला लष्करी छावणी ठेवली आणि मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात राहिला. आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. तोपर्यंत भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात होते.

असईचे नाव इथून दूरच अधिक टिकले. ईस्ट इंडिया कंपनीने ७४व्या, ७८व्या आणि १९व्या पलटणींना हत्तीचे चित्र असलेले खास निशाण दिले. ७४वी पुढे हायलंड लाइट इन्फंट्रीत मिसळली तरी असईचे निशाण तिने मिरवले. भारतीय लष्कराच्या मद्रास रेजिमेंटच्या बोधचिन्हातला हत्ती हाच असईचा हत्ती. वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवले. तरी आपली सर्वांत चांगली लढाई कोणती, या प्रश्नाला त्याने असई असे उत्तर दिल्याची नोंद आहे. बर्नार्ड कॉर्नवेलच्या १९९८ च्या ‘शार्प्स ट्रायम्फ’ या कादंबरीमुळे इंग्रजी वाचकाला हे गाव ठाऊक असते. तोफांपाशी मेलेल्या गोलंदाजांसाठी मात्र कुणी निशाण शिवले नाही.

हा काठ पाहायला येणाऱ्याने आधी भोकरदन पाहावे, मग नदी धरून असईला जावे. पाऊस संपता संपता, सप्टेंबरात, आले तर कपाशी, मका आणि सोयाबीन कमरेएवढे वाढलेले असते आणि मैदानाचा अंदाज लागत नाही. उलट लढाई नेमकी त्या दिवसांतली असल्याने जमीन किती ओली आणि पाय किती रुतणारे, हे तेव्हाच कळते. नदीच्या थड्या आणि दोन नद्यांमधली चिंचोळी जागा स्पष्ट दिसायला जानेवारीनंतरचे महिने बरे. दानापूरजवळ जुईवर धरण झाल्याने तिच्या खालच्या पात्रातले पाणी आता १८०३ सारखे नाही. पिंपळगावच्या बाजूने केळणेचे पात्र ओलांडून पश्चिमेकडे तोंड केले, तर डाव्या हाताला केळणा राहते, उजव्या हाताला जुईकाठी असई आणि समोर, डोळ्यांच्या टप्प्याबाहेर, भोकरदनची पांढर.